निम्म्या विहिरीतला दम

दवाखान्याच्या बाकावर मेहमुदा मांडीवर फाइल घेऊन बसली होती. सोमवारी तिच्या छातीत पेसमेकर बसायचा होता, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ती कान देऊन ऐकत होती.

"अवो, आज तरी डॉक्टरला खरं सांगा."

"खरंच सांगणार की. राधानगरीच्या यष्टीत बसलो की छातीतलं मशीन ठोकं वाढवतंय. खड्ड्यानं अंग हाललं की त्येला वाटतंय, म्हातारा पळाय लागला."

"आन् दुसरं?"

"दुसरं काय?"

"मागल्या टायमाला डॉक्टरनं इचारलं, व्यायाम काय करता? तुम्ही म्हटलासा, नुसता चालतो. त्येनी चालण्यापुरतंच मशीन लावून दिलं."

"चालतोच की मी."

"विहिरीत?"

"कुणी सांगितलं तुला?"

"ओला लंगोट रोज वाळत कोण घालतंय?"

"बरं, पोहतोय. पाण्यात अंगाला हिसका बसत न्हाय, मशीन निवांत पडून ऱ्हातंय आन् निम्म्या विहिरीतच मला दम लागतोय. पर हे सांगितलं तर डॉक्टर पोहणंच बंद करंल."

"न्हाय करत. पोहण्याच्या हिशेबानं मशीन लावून देत्यात. नर्सबाईला इचारून ठेवलंय मी."

"तू इचारलंस? मला वाटलं, तूच पयली वरडशील."

"वरडणारच हुतो. पर तुम्ही बुडी मारल्यावर कवा वर येताय, ते शेवग्याआड उभं राहून किती दिस मोजायचं? उद्यापास्नं मी काठावर बसणार हाय."