निकाली कुस्ती

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच प्रश्न — घरात रोज तेच भांडण का होतं? तीच वाक्यं, तीच भांड्यांची आदळआपट, तोच अबोला! काल तर तुम्ही जिंकला होतात ना? मग आज पुन्हा कशाला? सांगतो. आधी त्या खांबाला टेकलेल्या आप्पांना कुणीतरी हलवा.

तर, दौलू नावाचा एक पैलवान. मांड्या कशा — आपल्या देवळाचे खांब! अक्कलही खांबाचीच. गावात सिद्धोबाची जत्रा, संध्याकाळी कुस्त्या. बायको हौसेचे दिवस भरलेले. दवाखान्यानं तारीख दिली होती उद्याची.

कुस्त्या सुरू झाल्या आणि आभाळ फाटलं! आखाड्यात उतरला लोखंडी पैलवान — परग्रहावरचा! ना लंगोट, ना लाज! पंचांनी शिट्टी गिळली. लोखंड म्हणालं, "कुस्ती निकाली होईल. निकाल लागेपर्यंत तुमचा उद्या माझ्याकडं जमा."

दौलूनं शड्डू ठोकला, झेपावला — लोखंडानं उचलून आपटला. मेला बिचारा! संपलं आख्यान? छे! डोळे उघडले तर सकाळ — तीच! हौसा हाक मारतेय, "अवं, उठा की! दूध उतू गेलं!"

पुन्हा जत्रा, पुन्हा आपट. पुन्हा सकाळ, पुन्हा दूध! बाकी गाव सगळं विसरायचं, लक्षात एकट्या दौलूच्या. कुणाला सांगावं तर म्हणत, पैलवान, खुराक कमी करा. पण मार खाता खाता गडी शिकला — लोखंडाचा डावा गुडघा कुरकुरतो! त्या दिवशी त्यानं पट काढला, ढाक मारली — लोखंड चितपट! हलगी कडाडली, फेटे उडाले, दौलू लोकांच्या खांद्यावर! आणि...

"अवं, उठा की! दूध उतू गेलं!"

आता मात्र पैलवान रडला. हौसेच्या पोटावर हात ठेवला. आत लेकरू लाथा मारतंय, पण येणार कसं? उद्याच नाही! गेला गणूतात्या वस्तादांकडं, ज्यांनी त्याला लंगोट बांधायला शिकवलं. तात्यांना परग्रह काही पटला नाही. तंबाखू मळत त्यांनी एवढंच विचारलं, "पाडलंस न्हवं? मग हात दिऊन उठवलंस काय त्येला?"

दौलूनं मान हलवली — नाही.

"आखाड्याची रीत इसरलास. पाडल्यावर निम्मीच कुस्ती हुती, लेका."

संध्याकाळी पुन्हा पट, पुन्हा ढाक, लोखंड पुन्हा चीत. लोक खांद्यावर घ्यायला धावले. दौलूनं त्यांना बाजूला सारलं, वाकला आणि हात पुढं केला. गार पंजा हातात आला. लोखंड उठलं, आखाड्याची माती कपाळाला लावली आणि आलं तसं आभाळात निघून गेलं.

सकाळी दूध उतू गेलंच! पण हाक मारायला हौसा चुलीपाशी नव्हती. आतून शेजारीण ओरडली, "पैलवान, लेक झाली!" पोरीनं दवाखान्याचीही वाट बघितली नाही — किती दिवस ताटकळली होती, मंडळी! एवढा मोठा गडी, उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला.

आणि तुम्ही? बायकोला वादात चीत करता, भावाला बांधावर चीत करता, मांडी थोपटत झोपता. उठवतो कोण?

लांब कशाला जायचं! आमचे पखवाजवाले आणि पेटीवाले गेल्या एकादशीला भांडले, तेव्हापासून बोलत नाहीत. म्हणून तर आज पखवाज पुढं पळतोय आणि पेटी मागं रुसलीय! पखवाजवाले, त्या दिवशी जिंकलात तुम्ही, साऱ्या गावानं पाहिलं. तेव्हा हात तुम्हीच द्यायचा. द्या. मी थांबतो. तोवर गजर नाही, आरती नाही, प्रसाद नाही — आणि मंडळी, उद्यासुद्धा नाही!