नाव काढून टाका

सभेचे अध्यक्ष प्राध्यापक टेशनर, मंचावरील मान्यवर, संस्थेतील सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या रोसविथा क्यूनास्टबाई,

स्वतःच्या निरोपाचा केक स्वतःच भाजून आणायची आपली रीत. बाईंनी आलुबुखाराच्या केकची तीन ताटं आणलीत, तेव्हा मी लांबण लावणार नाही.

बाईंच्या घरच्या मंडळींसाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते. एकीकडून रसायन सुटतं, पलीकडे ते झेलणारे रेणू असतात. त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारी प्रथिनं, म्हणजे मांडवाचे खांब. आता मी बाईंना खांब म्हणणार, असं वाटलं ना? नाही म्हणणार. एकतीस वर्षं मेंदूचे काप काढणाऱ्या बाईला असली गोडगोड उपमा चालायची नाही.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही असंच एक नवं प्रथिन जाहीर केलं. त्यालाच चिकटणारी अँटीबॉडी सशाकडून मिळवली होती. जिथे ठिपका चमकेल, तिथे ते प्रथिन. सूक्ष्मदर्शकाखाली काय सुंदर ठिपके चमकले म्हणता! मग बाई माझ्या दारात आल्या.

"डॉक्टर हालबाउअर, ज्या उंदरात ते प्रथिन नाहीच, त्याच्या कापातही ठिपके दिसतायत."

"कापांची अदलाबदल झाली असेल तुमच्याकडून. पुन्हा करा."

त्यांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा ठिपके दिसले. म्हणजे अँटीबॉडी भलत्यालाच चिकटत होती. हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण निबंध पाठवायची घाई होती. मी ते काप वगळले, आणि बाईंच्या कामाच्या अहवालात लिहिलं : 'नमुन्यांची अदलाबदल करतात.' त्या शेऱ्यापायी त्यांची बढती गेली. तो शेरा आजही तिथेच आहे.

निबंधाच्या शेवटी प्रयोग करणाऱ्यांचे आभार मानतो ना आपण? त्या म्हणाल्या, "माझं नाव काढून टाका."

"रुसलात वाटतं?"

"रुसायला मी काय लहान आहे? जे मला दिसलं नाही, त्याखाली माझं नाव नको."

मी हसलो होतो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. तीन प्रयोगशाळांनी आमच्या भरवशावर वर्षं घालवली. त्यांच्या हाती काही लागलं नाही, आणि मी गप्प बसलो.

अध्यक्षमहोदय, आपल्याला न विचारता बोलतोय, पण आज सकाळी मी तो निबंध मागे घेण्याचं पत्र धाडलं. शेरा खोटा होता, हेही कार्यालयाला लेखी कळवलं. पत्रात लिहिलंय, ही चूक रोसविथा क्यूनास्ट यांनी अकरा वर्षांपूर्वीच दाखवली होती. बाई, या वेळी नाव तुम्हाला न विचारता घातलंय. नको असेल, तर आत्ता सांगा.

नको म्हणाला नाहीत. आभारी आहे.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या शेऱ्याची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती बाईंकडे मागतो, आणि लगेच मिळावी अशी अपेक्षा नाही. तीनदा पडताळून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कशावर विश्वास ठेवलेला नाही.