गाणार नाही, वाजवणार

मी नागपूरची. बाबा भीमजलशात तुणतुणं वाजवायचे, एका तारेवर अख्खा जलसा तोलून धरायचे, पण मैत्रिणींचे वडील डबा घेऊन ऑफिसात जायचे नि माझे तुणतुणं घेऊन, मला इतकी लाज वाटायची, काय सांगू तुम्हाला.

लग्न होऊन इथे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आले. मिस्टर कार कंपनीत, मी घरात. लायब्ररीत मिस रूबी गिटार शिकवायच्या, फुकट होतं म्हणून बसले. डेट्रॉइटच्या काळ्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या, त्यांच्या भागात ब्लूज बँडमध्ये गिटार वाजवणारी पहिली बाई त्याच. तेव्हा बाईनं गायचं नि गिटार पुरुषानं वाजवायची, असा रिवाज. पहिल्या दिवशी त्यांनी गिटार दिलीच नाही. एक फळी, दोन खिळे, मध्ये एक तार, म्हणाल्या, वाजव. मी म्हटलं, अरे बाप्पा, हे तर बाबांचं तुणतुणं! आणि रडायलाच लागले, कारण हे सांगायला बाबा राहिले नव्हते.

सात वर्षं शिकले. मुलगी म्हणायची, आई, सेम नोट अगेन? मी म्हणायची, बसेपर्यंत तीच.

मग मिस रूबींना स्ट्रोक आला, डावा हात गेला. आपली गिटार मला देऊन म्हणाल्या, माझ्या जुन्या क्लबात रविवारी दुपारी कुणीही वाजवू शकतं, तिथे वाजव, मला ऐकायचंय. त्यांना व्हीलचेअरवर घेऊन गेलो. बँडवाल्यानं गिटार बघितली नि विचारलं, नवरा कुठंय? नवरा बिचारा गाडी पार्क करत होता. मग बँडवाल्यानं माइक पुढे केला, गा म्हणाला. पण मी गायले असते तर मिस रूबींचा सगळा जन्म पाण्यात गेला असता. मी म्हटलं, गाणार नाही, वाजवणार. मागून मिस रूबी ओरडल्या, गिटार जोडायची वायर दे तिला! वाजवलं, आणि शेवटी सगळ्या तारा सोडून एकाच तारेवर आले, बाबांच्या. मिस रूबी चांगल्या हातानं मांडीवर ताल धरत होत्या. बँडवाला म्हणाला, अजून एक होऊ दे.

नंतर इथल्या आमच्या मराठी मंडळानंही सत्कार केला. अध्यक्ष पाऊण तास बोलले, मला दोनदा गायिका म्हणाले, संसार सांभाळून छंद जोपासला म्हणाले, मग जेवण थंड होतंय म्हणून माझं वाजवणं कॅन्सल केलं. शाल मात्र उबदार दिली. इथल्या हिवाळ्यात लाकूड तडकतं, गिटारला पांघरते.

रविवारी मिस रूबी अजून पहिल्या रांगेत असतात. मी स्टेजवर चढले की बँडवाला माइक बाजूला सरकवतो, न सांगता. एवढं झालं, बस झालं.