बजेटातली शिक्षा

तुम्ही हसून राहिले, पण त्या दिवशी मला वाटलं, इकडे हिंदी मुलखात, चेरीतालच्या आपल्या आरोग्य केंद्राला आता कुलूपच लागते. पैसे पुण्याच्या एका ट्रस्टचे. तिथले हिशेब पाहणारे सर म्हणाले होते, "तुम्ही मराठी ना? मग बजेट मराठीतच पाठवा." मी मोठ्या ऐटीत हिंदी बजेटचं मराठी केलं न् पाठवून दिलं. लगेच फोन.

"ताई, सगळ्यात मोठा खर्च 'गरोदर महिलांना शिक्षा'? हे कशासाठी?"

मला घामच फुटला. हा खर्च कापला, की घरोघरी फिरणाऱ्या आमच्या दीदींचा पगार गेला. म्हटलं, "सर, शिक्षा तर द्यावीच लागते. पहिलटकरणीला तर जास्तच."

"देतं कोण?"

"आमच्या दीदी. घरी जाऊन, सासूसमोर."

"आणि सासू काही बोलत नाही?"

"तिलाही देऊन टाकतो जी, लगे हाथ."

तिकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. खर्च कापून राहिले की काय? मी अजूनच घाबरली. "सर, कापू नका. नवरे तर अजून बाकीच आहेत!"

"ताई," ते हळूच म्हणाले, "पण या सगळ्यांचा गुन्हा काय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "अरे देवा! शिक्षण, सर, शिक्षण! इथं हिंदीत त्यालाच शिक्षा म्हणतात."

ते इतके हसले, की ठसका लागला. खर्च मंजूर केला न् म्हणाले, "शब्द तेवढा सुधारा. आणि नवऱ्यांसाठीही एक ओळ टाका. तिथं मात्र शिक्षाच राहू द्या."