आधी एक जेवण

नीलम : आणि आबा, पडलात तो विषय काढू नका तिथे.

गोपीनाथ : बरं.

नीलम : नयनाबेन विचारतील तब्येत कशी आहे. म्हणायचं, छान आहे. थोडी साखर आहे, गोळी चालू आहे. बस्स.

गोपीनाथ : आणि न्हाणीघराचं दार फोडलं ते?

नीलम : ते तर मुळीच नाही.

गोपीनाथ : नीलू, मला घर दाखवायला नेतेयस, की त्या घराला मी दाखवायला?

नीलम : म्हणजे काय?

गोपीनाथ : नाही, इस्त्रीचा शर्ट घालायला लावलास, कानावरचे केस कापलेस, काय बोलायचं ते तलासरीपासून पढवतेयस. पोह्यांची बशी तेवढी हातात द्यायची राहिली.

नीलम : थट्टा नको ना. त्यांच्याकडे एकच खाट रिकामी आहे. गौरवच्या ऑफिसातले दिपकभाऊ सांगत होते, राहायला येणाऱ्या सगळ्याच वयस्कर माणसांना त्या घेत नाहीत. मागे एका गृहस्थांना दुपारीच परत पाठवलं.

गोपीनाथ : का?

नीलम : ते कळलं नाही. म्हणून तर सांगतेय, कमी बोला.

गोपीनाथ : तुला उंबरगावचं स्थळ आलं होतं, तेव्हा तूच बजावलं होतंस. आबा, खरं असेल तेच सांगा, मागाहून भांडण नको.

नीलम : तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझ्या कडेवर रेवा आहे.

गोपीनाथ : आज कुणाकडे ठेवलीस तिला?

नीलम : शेजारच्या सुषमाताईंकडे. वर जाऊ नका, खाली पारावरच बसा म्हटलंय. पुन्हा जमीन हलली तर दोन जिने उतरायचे.

गोपीनाथ : आज नाही हलणार.

नीलम : तुमच्या कानात येऊन सांगितलं का कुणी? दिवाळीनंतर कितीदा हलली. तिकडे धुंदलवाडीची माणसं अजून तंबूत झोपतात. अहो रिक्षावाले भाऊ, बोर्डीच्या अलीकडे आत वळा, चिकूची वाडी आहे. हळू, हळू, खड्डा आहे!

गोपीनाथ : खड्डा त्यालाही दिसतोय, बाळ.

(चिकूच्या वाडीतलं बैठं कौलारू घर. जेवणाची वेळ. ओटीवर नयनाबेन उभ्या आहेत. रिक्षा फाटकाशी थांबली आहे.)

नयनाबेन : या ने, या. काका, चपला राहू द्या पायात, वाकू नका. बसा झोपाळ्यावर. अहो नीलमबेन, तुम्ही पण बसा, का उभ्या?

नीलम : बसते. इथून हॉस्पिटल किती लांब पडतं?

नयनाबेन : पाणी तरी प्या आधी! डॉक्टर घोलवडहून येतात, दर गुरुवारी. मध्येच काही झालं तर घरची गाडी आहे. आमचे नविनभाई नेतात डहाणूला.

नीलम : आणि नविनभाई बाहेरगावी असले तर?

नयनाबेन : तर मी नेते. त्यांच्यापेक्षा बरी चालवते, त्यांना सांगू नका.

नीलम : विहीर असेल ना वाडीत?

नयनाबेन : मागे आहे. वर लोखंडी जाळी बसवलीय.

नीलम : आणि तो कुत्रा?

नयनाबेन : तो? तो उठतसुद्धा नाही आता. त्याला पण आमच्यातच धरा.

गोपीनाथ : मासे?

नीलम : आबा!

गोपीनाथ : तू विहीर विचारलीस, कुत्रा विचारलास. चिंचणीत जन्म गेला माझा. मी मासे विचारायचे नाहीत?

नयनाबेन : विचारा ने, काका. आम्ही घरातले खात नाही. पण मागच्या अंगणात वेगळी चूल आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्याकडे कामाला आहे ती भिकी तिथे करते. बोंबील, मांदेली, बाजारात मिळेल ते. मी त्या बाजूला जात नाही. मसाला मात्र माझ्या हातचा.

गोपीनाथ : न चाखता?

नयनाबेन : वासावरून. आजवर कुणी तक्रार केली नाही.

नीलम : इथे सगळे... म्हणजे, किती वर्षं झाली हे सुरू करून?

नयनाबेन : सुरू कुठे केलं, होत गेलं. सासूबाई झोपून होत्या, आजही आहेत, त्यांचं करत होते. त्यांची मैत्रीण पुष्पाताई, नर्स होत्या त्या, एकट्या पडल्या, त्या आल्या. मग बायजी. मग झिपरूकाका, एसटीत ड्रायव्हर होते. मग आमच्याच लांबच्या नात्यातले एक. असे पाच झाले. बोर्ड नाही लावला कधी. काकांची तब्येत कशी?

नीलम : छान आहे. थोडी साखर आहे, गोळी चालू आहे.

नयनाबेन : रात्री उठावं लागतं?

नीलम : नाही, शांत झोपतात.

नयनाबेन : चालताना आधार?

नीलम : काठीसुद्धा नाही.

नयनाबेन : काका, तुमच्यासाठी ही बोलते की तुम्हाला पण बोलता येतं?

गोपीनाथ : येतं. आज मनाई आहे.

नयनाबेन : आत नाही मनाई. चला, पानं वाढलीत. तुम्ही जायचं. बेन, तुम्ही नाही.

नीलम : मी नाही म्हणजे?

नयनाबेन : आमची ही रीत आहे. ज्याला राहायचंय त्यानं आधी एक जेवण आतल्यांबरोबर जेवायचं. मुलगी नाही, मुलगा नाही, मी पण नाही. मग ते पाच जण मला सांगतात, ठेवायचं की नाही.

नीलम : ते ठरवणार?

नयनाबेन : मग कोण? रात्रंदिवस एकत्र त्यांना राहायचंय ने.

नीलम : म्हणून त्या गृहस्थांना परत पाठवलंत?

नयनाबेन : माणूस मोठा शिकलेला होता. पण आमटी गार म्हणून भिकीवर खेकसला. हात धुवायच्या आधी पुष्पाताईंनी मला मान हलवून दाखवली. झालं.

गोपीनाथ : बघ नीलू, म्हणत होतो ना. शर्टाची इस्त्री मोडली नाही ना बसून?

नीलम : आबा, हळू बोला आत. आणि उंबरा आहे तिथे, पाय उचलून टाका!

नयनाबेन : उंबरा काढलाय, बेन. ती नुसती रेघ आहे. चला, तोवर घर बघून घ्या. ही स्वयंपाकाची खोली, ही माझी. आणि ती टोकाची, रिकामी आहे ती. दोन खिडक्या, समुद्राचा वारा येतो. काठीशिवाय चालणारे आहेत, त्यांना तीच देईन म्हणते.

नीलम : चांगली आहे. आणि न्हाणीघर?

नयनाबेन : हे काय. खाली खरखरीत लादी, इथे धरायला पाइप, बसायला स्टूल.

नीलम : दाराला आतून कडी नाहीये.

नयनाबेन : मुद्दाम काढली. हा लाल पंचा बाहेर टांगला की समजायचं आत माणूस आहे. पहिले दोन दिवस सगळे लाजतात, मग पंचा टांगायला पण विसरतात... बेन? काय झालं? बसा, बसा या स्टुलावर.

नीलम : मी खोटं बोलले तुमच्याशी.

नयनाबेन : बसून सांगा.

नीलम : गेल्या महिन्यात जमीन हलली ना मोठी, तेव्हा आबा आंघोळीला गेले होते. गौरव, माझा नवरा, ऑफिसात. सगळी बिल्डिंग जिन्यावरून खाली धावत होती. मी रेवाला कडेवर घेतलं आणि दार वाजवायला गेले, तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला. आतून कडी. आबा आतून ओरडतायत, नीलू, पोरीला घेऊन खाली जा. मला जाता पण येईना आणि दार पण उघडेना. रेवा रडत होती. मी नुसती उभी होते, नयनाबेन. नुसती उभी.

नयनाबेन : मग?

नीलम : खालच्या मजल्यावरचे एक जण वर आले. त्यांनी लाथ घालून दार तोडलं. कोपर सुजलं फक्त. पण त्याच्या आधीही एकदा पडलेत. आणि रात्री दोनदा-तीनदा उठतात.

नयनाबेन : आणि मला सांगितलं, शांत झोपतात.

नीलम : तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं.

नयनाबेन : मी त्यांना टोकाच्या खोलीत ठेवणार होते, बेन. रात्री तिथे पडले असते तर मला सकाळी चहाच्या वेळी कळलं असतं.

नीलम : हो.

नयनाबेन : स्थळ नाही हे, गुण तेवढे सांगायला. आमचे पाचही जण पडून झालेले आहेत. जो कधी पडलाच नाही तो इथे कशाला येईल? घरीच राहील ने, आरामात!

नीलम : आता नाही घेणार का तुम्ही?

नयनाबेन : माझ्या हातात कुठे आहे? मी खोली बदलेन. माझ्या खोलीला लागून एक आहे, पाहुणी बाई आली की तिथे झोपवतो. ती देईन. वारा कमी, पण खोकला तरी ऐकू येईल. बाकी ते आत बसलेत ते सांगतील. कोण ओरडतंय एवढं?

नीलम : आबा आहेत ते. अगं बाई! भांडतायत!

नयनाबेन : बसा, आत नाही जायचं. झिपरूकाकांचा पण आवाज आहे.

नीलम : आता संपलंच सगळं. हळू बोला म्हटलं होतं मी... आबा! झालं जेवण? इतक्यात?

गोपीनाथ : झालं म्हणजे, उत्तम झालं. शेवग्याची आमटी होती. मी रेल्वेत होतो कळलं, तर तो झिपरू ड्रायव्हर म्हणतो, रेल्वेचं पार्सल कधी वेळेवर गेलं नाही. मी म्हटलं, तुझी डहाणू गाडी कासाला पोचायची तोवर आमचे चिकू दिल्लीत विकून व्हायचे. तो उठून उभाच राहिला!

नयनाबेन : उठून? गुडघा दुखतो त्यांचा.

गोपीनाथ : तो सांगत होता, बसमधून उतरताना पडला. मग मीही माझं सांगितलं. न्हाणीघर, दार, लाथ, सगळं. पुष्पाताईंनी कोपर वर करून बघितलं.

नीलम : सांगितलंत? सगळं?

गोपीनाथ : तू नयनाबेनना सांगू नको म्हणाली होतीस. त्यांना कुठे म्हणाली होतीस?

नयनाबेन : मी आत जाऊन येते. तुम्ही बसा दोघं.

गोपीनाथ : नीलू.

नीलम : काय?

गोपीनाथ : नाही म्हणाले तर?

नीलम : तर घरी जाऊ. काही बिघडत नाही. मी आपली कडी काढून टाकते, पंचा टांगू.

गोपीनाथ : मला राहायचंय इथे.

नीलम : आमटी आवडली म्हणून?

गोपीनाथ : हादरे सुरू झाल्यापासून तू रात्री माझ्या दाराशी येऊन उभी राहतेस. श्वास ऐकतेस माझा.

नीलम : तुम्हाला कळतं?

गोपीनाथ : जागा असतो मी. तू आलीस की डोळे मिटून घेतो. म्हणजे तू जाशील, पोरीजवळ जरा आडवी होशील. तू गेलीस की परत उघडतो.

नीलम : मीही झोपत नाही.

गोपीनाथ : पातळ भिंत आहे, बाळ. दोघंही एकमेकांना झोपल्याचं दाखवतोय. किती दिवस चालायचं असं? रेवाला एकटीला उचलून तू पळू शकतेस. माझं ओझं घेऊन नाही.

नीलम : ओझं म्हणू नका.

गोपीनाथ : बरं, पार्सल म्हणतो.

नीलम : आबा! लोक काय म्हणतील पण? चिंचणीत सगळे म्हणणार, लेकीनं बापाला टाकलं.

गोपीनाथ : चिंचणीत मी स्वतः जाऊन सांगेन. लेकीनं कुठे टाकलंय, मी तोंडी परीक्षा देऊन लागलोय. निकाल तेवढा येऊ दे.

नीलम : रविवारी येईन मी. रेवाला घेऊन. आणि मध्ये बुधवारी पण.

गोपीनाथ : मासे असतात म्हणून ना?

नयनाबेन : काका, पुष्पाताई म्हणतात, आवाज फार मोठा आहे.

नीलम : मी सांगत होते त्यांना...

नयनाबेन : ऐका तरी. म्हणतात, मोठा आहे तो बरा, मला कमी ऐकू येतं, माझ्या शेजारी बसवा. झिपरूकाका म्हणतात, माणूस हट्टी आहे, त्याला जाऊ देऊ नका, अजून माझं बोलून व्हायचंय. आमच्या नात्यातल्यांनी हो म्हटलं. बायजी काही बोलल्या नाहीत. त्या कधीच बोलत नाहीत. पण तुमच्या पानात पापड कुणी ठेवला?

गोपीनाथ : त्यांनीच. मी मागितला नव्हता.

नयनाबेन : मग झालं ने. सासूबाईंनी मात्र विचारलंय, डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात बसायचा तोच का हा, आमच्या चिकूच्या पेट्या मागे ठेवणारा?

गोपीनाथ : गाडीत जागा नसायची हो!

नयनाबेन : ते त्यांनाच सांगा रोज. त्यांना खाटेवरून ऐकायला काहीतरी हवंच होतं. सोमवारी सामान घेऊन या. आता जरा आडवे व्हा, दुपारी आमच्याकडे सगळे झोपतात. माझ्या शेजारची खोली, दार उघडंच आहे.

गोपीनाथ : खाट कशी आहे बघून येतो. नीलू, पाचच मिनिटं. मग निघू.

नीलम : या. पाय... नाही, काही नाही. या.

नयनाबेन : तुम्ही जेवा आता. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही.

नीलम : नको, रिक्षा थांबलीय, रेवा वाट बघत असेल. सोमवारी काय काय आणू? चादरी? त्यांची उशी आणते, त्यांना दुसरी चालत नाही. गोळ्यांची वेळ मी लिहून देते. आणि रात्री एक दिवा बारीक ठेवाल ना? आणि खोकले तर...

नयनाबेन : तर ऐकू येईल मला.

नीलम : हो. म्हणालात तुम्ही. मी एकदा बघून येते हं, खाट उंच तर नाही ना.

नयनाबेन : बघा, बघा... काय, उंच आहे?

नीलम : नाही. ठीक आहे.

नयनाबेन : रिक्षावाला हॉर्न मारतोय. उठवू काकांना?

नीलम : नको. त्याला जाऊ दे, दुसरी मिळेल.

नयनाबेन : उशीर होईल तुम्हाला.

नीलम : होऊ दे. सुषमाताईंना फोन करते. खरंच झोपलेत.