अप्पाचा उंबरठा अन् बुढीची खुर्ची

तुमच्या घरचा उंबरठा किती उंच हाये, कधी पाह्यला काय तुमी? नाही ना? धडधाकट माणसाले कायले दिसन तो.

मी शेवंता, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. नवरा ऊसतोडीले जाते अन् मी मालेगावात भाड्याच्या खोलीत शिलाई करतो, संगं सासू हाये, आमची बुढी. तिचं खुब्याचं हाड मोडलं, चाकाची खुर्ची आली, पण काय सांगू तुमाले, खुर्ची उंबरठ्यापाशी येऊन अडे. साऱ्या गल्लीची खबर घेणारी बाई ते, मले म्हणे, शेवंते, जेलातल्याले बी ऊन दाखवतात व.

देर माहा मिस्त्री हाये. म्हणे, वहिनी, एका घावात फोडतो. मी म्हनलं, थांब, घर अप्पाचं हाये, आपून राह्यतो म्हणून फोडाचा हक्क आपला होत नाही. घरमालक अप्पाले इचारलं तं ते भडकलेच. म्हणे, उंबरठा म्हणजे लक्ष्मी, माही बायको सणावाराले येऊन हळदकुंकू लावते त्याले, हात लावला तं खोली खाली करा. मी म्हनलं, फोडत नाही, उंबरठा झाकून आतून-बाहेरून लाकडी फळीचा उतार टेकवतो, खिळा नाही की सिमिट नाही, जातानी उचलून नेतो. तरी नाहीच. आज फळी ठेवसान, म्हणे, उद्या भिंत सरकवसान.

तरी मी उतार ठेवला, त्याईले सांगून, चोरून नाही. तं अप्पानं नळच बंद केला. गेली मी त्याईच्या ओसरीत, चार माणसांत बोलली, अप्पा, पक्कं बांधाचं असतं तं तुमच्या लेखी परवानगीबिगर मी इटेले हात नसता लावला, भाडं टायमावर देतो, नुकसान झालं तं भरून देईन, पण भाडेकरूचं पाणी तोडणं कायद्यात बसत नाही, नळ सुरू करा नाही तं मी कोर्टात जातो. तिथं बसलेला एक जण हासला, अप्पा, शिलाईवाली तुमचंच माप घेऊन राह्यली. संध्याकाळी पाणी आलं. बोलणं मात्र बंद.

दसऱ्याले अप्पाची बायको, काकू, ताट घेऊन आली अन् फळी पाहून थबकली. बुढी म्हणे, शेवंते, उचल व. उचलली. खाली उंबरठा साबूत, पोळ्याले काकूनंच लावलेलं कुंकूसुद्धा तसंच, कोणाचा पाय लागला नव्हता ना त्याले.  काकूनं त्याच्यावर नवं कुंकू लावलं, फळी तिनंच टेकवली, अन् बुढीची खुर्ची लोटत म्हणे, चाल बाई, अंगणात तुह्याबिगर करमत नाही.

आता बुढी उन्हात बसून अप्पालेच हाका मारते, काहून रे अप्पा, आज दाढी नाही केली? अन् अप्पा, काय सांगू, हासतात.

तुमी भाडेकरू असान तं हातोडा उचलाच्या आधी इचारा, लेखी घ्या. अन् घरमालक असान तं आजच जाऊन आपल्या खोलीचा उंबरठा पाहा. आत कोणी अडकलं असन तं त्यानं मांगण्याआधी तुमीच एक फळी घेऊन जा.