मिनाचा रिपोर्ट

"दवाखान्यात दुसऱ्यांच्या बोलण्याला कान लावू नये, नसती धास्ती घरी येते," असं सासूबाईंनी बजावलं होतं. अनुश्रीनं ते हसण्यावारी नेलं. हिंगोलीच्या दवाखान्यात तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली, तरी तिचा कान शेजारच्या बाकावरच. तिथं सेनगावकडच्या बंजारा तांड्यावरची शकुंतलाबाई आणि आईला ‘याडी’ म्हणणारी तिची गरोदर लेक मिना.

"डाक्टर काय म्हनले? बराबर सांग."

"याडी, दादाच्या अंगात मांसाचे धागे सांधून ठेवनारं प्रथिनच बनत न्हाई. ते बनवनाऱ्या जनुकात चूक हाय, अन् ती तुझ्याकडून त्याला गेली."

"ते म्हाईत हाय मला. तुझं सांग!"

"माझ्यात न्हाई आली."

"न्हाई म्हंजी?"

"बिलकुल न्हाई. हे दुखणं बहुतेक पोरांनाच व्हतं, पन मला पोरगं झालं तरी त्याला ती तकलीफ न्हाई."

"जय सेवालाल! मग रडून काहून राहिली?"

"तूच रडून राहिली, याडी. थांब, दादाला स्पीकरवर फोन लावते... दिपकदादा, मी मोकळी!"

"म्या म्हनलं व्हतं ना, तपासून घे! तूच भिऊन राहिली व्हती."

"आता भाच्यामागं पळावं लागंल तुला."

"मंग? माझ्या खुर्चीला चाकं हायती, त्याला दोनच पाय. अन् याडीला सांग, भाच्याच्या पोटऱ्या जाड दिसल्या तर काळा धागा बांधू नको. माझ्या येळी समदा तांडा पैलवान म्हनला, अन् ही नजर काढीत बसली; ती तर ह्या दुखण्याची खूण व्हती."

"गप रे मेल्या! पेढे सांग आधी!"

"सांगितले बी, याडी. अख्ख्या तांड्याला!"

अनुश्रीचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीत असा एखादा दिपक असेल, तर त्याच्या धडधाकट बहिणीचीही जनुकाची तपासणी झाली का, तेवढं आजच विचारा.